घटकाभर थांबा, येते : टायमर लावून घरून काम

सड्यावरची | १४ जून, रात्री ९:५२

राजापूर तालुक्यात सड्यावरच्या वाडीत आमचं घर आहे. इथूनच मी पुण्याच्या एका कर सल्लागारांचं काम करते. बिलांच्या नोंदी, खात्यांची जुळवणी, जीएसटीची विवरणपत्रं. महिन्यातल्या दोन तारखा पक्क्या : ११ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं विवरणपत्र, आणि २०ला ३बी, म्हणजे महिन्याच्या कराचं. मधले दिवस मोकळे वाटतात आणि तिथेच घात होतो.

एप्रिलमध्ये माझ्या हातून चूक झाली. एकाच आडनावाचे दोन व्यापारी होते, एकाचं बिल मी दुसऱ्याच्या नावावर चढवलं. ज्याचं बिल होतं त्याच्या २बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत, ते दिसेना आणि त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकलं. पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात दुरुस्ती दाखवेपर्यंत त्याचे फोन येत राहिले, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. कुठे चुकले ते मला नेमकं आठवतं. नोंद अर्धी झाली होती आणि खळ्यातून हाक आली, "अगो, पेट्या न्यायला गाडी आली, मोजून दे." उठले, चाळीस पेट्या मोजून दिल्या, परत येऊन बसले आणि यादीतलं वरचं नाव निवडलं.

त्यानंतर मी टायमरचं ॲप घेतलं. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. पहिला आठवडा नुसती चिडचिड झाली. मी कामात आहे हे फोनला माहीत होतं, घराला नव्हतं.

आधी मी "मीटिंग आहे" असं सांगून पाहिलं. दिवसातून सहा वेळा मीटिंग कोण ऐकून घेणार, आणि ते खरंही नव्हतं. मग एकदा सासूबाईंना शेजारी बसवून फोनवरचे आकडे उलटे पळताना दाखवले. म्हटलं, हे शून्यावर येईपर्यंत हाक मारायची नाही, आलं की मी स्वतः उठून येईन. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे घटकाभर. मग तसं सांग ना." त्या दिवसापासून आमच्याकडे हाच शब्द चालतो. हाक आली तर मी "घटकाभर थांबा, येते" म्हणते, आणि घटका संपली की खरोखर जाते. ही दुसरी गोष्ट मी एकदाही चुकवलेली नाही. चुकवली असती तर पहिलीला कुणी विचारलं नसतं.

दुसरा प्रश्न लाईटचा. पाऊस धरला की लाईट कधी जाईल सांगता येत नाही. इन्व्हर्टर तीन तास चालतो, पण लाईट जाऊन तासभर झाला की मोबाईलची रेंजही जाते, आणि रेंज नाही तर पोर्टलचा ओटीपी नाही. म्हणून कामांचे दोन ढीग केले. पोर्टलवरचं सगळं सकाळच्या पहिल्या दोन घटकांत. बिलं तेव्हाच उतरवून ठेवायची. नोंदी आणि जुळवणी नंतर, त्याला रेंज लागत नाही. लाईट गेल्यावर लॅपटॉपच्या बॅटरीवर माझ्या साधारण पाच घटका होतात. पूर्वी लाईट गेली की दिवस गेला असं वाटायचं, आता ते बंद झालं आहे.

अडतंय एका ठिकाणी. चार घटकांनंतरच्या मोठ्या सुट्टीत मी स्वयंपाकघरात जाते ती तिथेच राहते. दिवसाला आठ घटका ठरवते, पाचच होतात. बाकीच्यांना हे कसं जमतं? इथे घरून काम करणारे पुष्कळ आहेत, म्हणून विचारते.

---

पंचांगवाले | १४ जून, रात्री १०:३०

ताई, तुमच्या सासूबाईंनी अगदी नेमका शब्द दिला. अहोरात्र म्हणजे ६० घटका, तेव्हा एक घटका बरोबर २४ मिनिटांची, आणि घटकेची ६० पळं. दोन घटकांचा मुहूर्त, साडेसात घटकांचा प्रहर. पूर्वी लग्नाच्या मुहूर्तासाठी पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याचं घटिकापात्र सोडत. तळाला बारीक भोक, त्यातून पाणी आत येतं, २४ मिनिटांत पात्र भरतं आणि बुडतं. एकाने त्यावर लक्ष ठेवायचं आणि बुडालं की पुन्हा सोडायचं.

तुमच्या ॲपमागची पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाची. १९८०च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, त्याने स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर अभ्यासाला लावला. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, ते नाव पद्धतीला पडलं.

एक मुद्दा महत्त्वाचा. घटिकापात्राला मधे थांबवायचं बटण नसतं. चिरिल्लोचाही नियम तोच आहे : पोमोदोरोचे तुकडे होत नाहीत. मधे उठावं लागलं तर ती फेरी बाद, परत आल्यावर नवी. बहुतेक ॲपांत थांबवायचं बटण असतं आणि तिथेच माणूस फसतो. सतरा मिनिटांवर थांबवून पाऊण तासाने उरलेली आठ मिनिटं करायची, याला घटका म्हणता येत नाही. तुमची एप्रिलची चूकही, तेव्हा टायमर नसला तरी, अशाच अर्धं सोडून पुन्हा जोडलेल्या कामात झाली.

---

सड्यावरची | १४ जून, रात्री १०:४१

गुरुजी, खरं आहे. मी ते बटण वापरते. उद्यापासून बंद. आणि ॲपमधला आकडा आत्ताच २५चा २४ केला.

---

बंदरकाठ | १५ जून, सकाळी ७:१५

मी हर्णैचा. भावाच्या बोटीचा हिशेब लिहितो आणि घरी बसून पत्रिका, बॅनर, मेनूकार्ड असली डिझाइनची कामं करतो.

माझ्यापुढचा प्रश्न वेगळा होता. पुण्यामुंबईची मंडळी सांगतात, ९ ते ११ हे काम, ११ ते १ ते काम, असं कॅलेंडरात आखून घ्या. मी दोनदा केलं, दोन्ही वेळा आठवड्याच्या आत मोडलं. कारण आमचा दिवस रोज सरकतो. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात : चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. बोट कधी लागणार, माल कधी उतरणार, लिलावाला मला कधी उभं राहायचं, हे त्यावर ठरतं. आज सकाळ मोकळी असेल तर आठवड्याने तीच सकाळ बंदरावर जाते.

म्हणून मी घड्याळाची वेळ सोडली आणि मोजणी धरली. दिवसाला डिझाइनच्या सहा फेऱ्या. पहाटे चार झाल्या तर पहाटे, रात्री झाल्या तर रात्री. सहा भरल्या की त्या दिवसाचं काम झालं, मग मी मोकळा. टायमरचा मला झालेला खरा उपयोग हाच.

सध्या १ जूनपासून मासेमारी बंद आहे, ३१ जुलैपर्यंत बंदरावर जायचं नाही. तुम्हाला वाटेल आता कामाला वेळच वेळ. उलट, मागच्या वर्षी याच दोन महिन्यांत माझं सगळ्यात कमी काम झालं. मोकळ्या दिवसात टायमर जास्त लागतो, हे मी तेव्हा शिकलो.

---

कोडवाला | १५ जून, सकाळी ११:०८

मी कुडाळहून सॉफ्टवेअरचं काम करतो. २५ मिनिटं मला कमी पडतात हे स्पष्ट सांगतो. प्रोग्रॅम वाचून डोक्यात भरायलाच पंधरावीस मिनिटं जातात आणि हात बसला की घंटा वाजते. मी ५० मिनिटं काम, १० मिनिटं सुट्टी करतो. २५ हा आकडा दगडावरची रेघ नाही.

पण सुट्टीतून परत येताना अडखळणं होतं, त्यावर मला एक उपाय सापडला. सोफी लेरॉय यांनी २००९मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं होतं : एक काम अर्धं सोडून दुसऱ्याकडे वळलो तर मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम बिघडतं. म्हणून घंटा वाजली की मी लगेच उठत नाही. "पुढे काय करायचंय" याची एक ओळ लिहितो, मग उठतो. परत आल्यावर ती ओळ वाचायची आणि तिथूनच सुरू करायचं. ताई, तुमच्या नोंदींच्या कामात ही ओळ सोपी आहे. शेवटचा बिल क्रमांक आणि पार्टीचं पूर्ण नाव. पेट्या मोजून परत आल्यावर ती समोर असती तर यादीतलं वरचं नाव निवडलं गेलं नसतं.

---

शाडूवाला | १५ जून, दुपारी ३:४०

आमची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना आहे, वडिलांच्या वेळेपासून. मूर्ती सांगायला लोकांचे पाट यायला सुरुवात झाली आहे. मातीकामात हात भरलेले असतात, त्यात घंटा वाजून उपयोग नाही. आणि डोळ्यांची आखणी करताना शेजारी काहीही वाजलेलं मला चालत नाही. एक डोळा झाला आणि दुसरा राहिला, अशा वेळी उठायचं नसतं. तेव्हा माझ्या कामाला घंटेचा टायमर नको, हे माझं मत.

तरी दोन वर्षं मी फोनवर वेळ मोजतो आहे. उलटी नाही, सुलटी, किती गेली ती. कारण सांगतो. पूर्वी मी नेहमी अंदाजाने म्हणायचो की दीड फुटी मूर्तीचं रंगकाम अर्ध्या दिवसाचं. मोजल्यावर कळलं की अंगरंग, सोवळं, मुकुट, दागिने, आखणी मिळून पाऊण दिवसाहून जास्त लागतं. म्हणजे साठ पाट घेतले तर शेवटचे दहा मी रात्री जागून करत होतो, आणि रात्री केलेल्या आखणीत मला स्वतःला फरक दिसायचा. भाविकाला दिसत नसेल, पण मूर्ती त्याच्या देव्हाऱ्यात जाते. मागच्या वर्षी बावन्न पाट घेतले आणि आठ घरांना आधीच सांगितलं की दुसरीकडे बघा. दोघेतिघे नाराज झाले. पण चतुर्थीच्या आदल्या रात्री मी झोपलो, कळायला लागल्यापासून पहिल्यांदा.

ताई, आठ ठरवून पाच होत असतील तर कदाचित तुमचा दिवस पाचाचाच असेल. आधी पंधरा दिवस नुसतं मोजा.

---

परतलेला | १५ जून, रात्री ८:२०

मी थोडं वेगळं म्हणेन. पाच आणि आठ या हिशेबापेक्षा घरात वेगळी खोली आणि आतून कडी हा उपाय करा. काम म्हणजे काम. ऑफिसात असतात तर घरच्यांनी कुणाला हाक मारली असती? घरून काम करणाऱ्या बाईलाच हे सगळं समजावत बसावं लागतं, हे मला पटत नाही.

---

माहेरवाशीण | १५ जून, रात्री ९:०५

परतलेला, शेवटचं वाक्य पटलं. कडीचं नाही पटलं. माझे वडील मधुमेही आहेत, साखर उतरली तर त्यांना धड बोलताही येत नाही. गुहागरला घरात आम्ही दोघंच. दार लावून, कानात बोळे घालून बसणं मला शक्य नाही, आणि त्याची मला खंतही वाटत नाही.

आम्ही हाकेचे दोन प्रकार ठरवले आहेत. नुसतं "ये" म्हणजे घटका संपल्यावर ये. "आत्ता ये" म्हणजे हातातलं टाकून ये. गेल्या वर्षभरात "आत्ता ये" चारच वेळा आलं आणि चारही वेळा खरं होतं. फोनलाही हेच लावता येतं. डू नॉट डिस्टर्बमध्ये स्टार केलेल्या नंबरांना मुभा द्यायची, आणि एकाच माणसाचा १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर वाजू दे, असाही पर्याय अँड्रॉइडमध्ये असतो. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय, तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा करा.

---

परतलेला | १५ जून, रात्री ९:३०

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दोन हाका चांगल्या आहेत, घरी सांगतो.

---

तारकर्लीची_वैनी | १६ जून, सकाळी ६:५०

आमचो होमस्टे आसा. चार खोल्ये आणि खानावळ. माका विचारशात तर फोनार टायमर लावणाच चुकीचा. टायमर बघूक फोन उचललंय आणि व्हॉट्सॲपार पाव्हण्यांचे धा मेसेज दिसले काय टायमर खय रवता?

आता शुद्ध मराठीत लिहिते. मी बाजारातून किल्लीचा टायमर आणला, कुकरजवळ ठेवतात तसला. सकाळी नाश्त्याची गडबड संपली की एक फेरी, दुपारी भांडी झाली की एक फेरी. बुकिंगची उत्तरं, पैशांची नोंद, दुसऱ्या दिवसाच्या मासळीची यादी, सगळं त्यातच. बाकी वेळ फोन देवघराच्या खुंटीवर पिशवीत. सुरुवातीला धाकधूक होती की उत्तर उशिरा गेलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. एकदोन गेलीही असतील. पण पूर्वी वाढताना उत्तर देत होते तेव्हा एकाच खोलीचं दोघांना बुकिंग झालं होतं, ती रात्र मी विसरत नाही.

या टायमरची टिकटिक घरभर ऐकू येते. मुलं टिकटिक चालू असली की आपसूक माजघरातून मागे फिरतात.

---

वाचनालयातला | १६ जून, दुपारी १:१५

मी चिपळूणला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. मला फॉरेस्ट या ॲपचा फायदा झाला. त्यात टायमर लावला की झाड वाढतं, मधेच ॲप सोडून दुसरीकडे गेलात की ते वाळतं. वाळलेलं झाड नंतरही यादीत दिसत राहतं. ताई, तुम्हाला ओटीपीसाठी फोन बघावा लागतो, तेव्हा पोर्टलच्या कामाला ते सोयीचं नाही, नोंदींसाठी चालेल. लॅपटॉपवर करायचं असेल तर विंडोज ११च्या घड्याळातच फोकस सेशन्स आहेत, वेगळं काही घ्यायला नको.

आणखी एक. काही फोन बॅटरी वाचवायला मागे चाललेलं ॲप बंद करून टाकतात, मग घंटा वाजतच नाही. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची बॅटरी अनरिस्ट्रिक्टेड करा.

---

सड्यावरची | १६ जून, रात्री १०:१०

घंटा न वाजण्याचं कारण हे होतं तर! दोन दिवस मी पन्नास मिनिटं बसून राहिले होते. सेटिंग बदललं.

वैनी, तुमच्यासारखाच किल्लीचा टायमर उद्या राजापूरहून मागवते. शाडूवाले दादा, पंधरा दिवस मोजायचं मनावर घेतलंय. पण कशी नोंद ठेवू? ॲप फक्त झालेल्या फेऱ्या दाखवतं. मोडलेल्या का मोडल्या ते कळत नाही.

---

पंचांगवाले | १७ जून, सकाळी ८:००

त्यासाठी चिरिल्लोची खूण आहे आणि ती कागदावरच बरी. कामाच्या नावापुढे, घटका पूर्ण झाली की फुली. मधे तुमच्याच मनात काही आलं, फोन बघावासा वाटला, दूध तापवायचं आठवलं, तर वर एक स्वल्पविरामासारखी खूण करायची, ती गोष्ट खाली लिहून ठेवायची आणि काम चालू ठेवायचं. बाहेरून कुणी व्यत्यय आणला तर आडवी रेघ. त्या माणसाला कधी येणार ते सांगायचं आणि तेव्हा जायचं. तुमचं "घटकाभर थांबा, येते" म्हणजे हेच. अंदाजाने पाचसात घटकांहून मोठं वाटणारं काम आधी फोडून घ्यायचं, आणि एका घटकेपेक्षा लहान कामं एकत्र बांधायची.

आठवड्याने रेघा मोजा आणि खुणा मोजा. बहुतेकांना वाटतं रेघा जास्त निघतील.

---

कोडवाला | १७ जून, सकाळी ९:४५

गुरुजींचं शेवटचं वाक्य माझ्या बाबतीत खरं ठरलं होतं. महिनाभर आईला दोष देत होतो, कागदावर रेघा नऊ आणि खुणा तीसच्या वर होत्या.

मोठ्या सुट्टीबद्दल राहिलं होतं. ताई, मोठ्या सुट्टीचाही टायमर लावा. सुट्टीला शेवट नसतो म्हणून ती लांबते. आणि लहान सुट्टीत फोन नको. माझ्या खिडकीतून समोर माड दिसतात, मी त्यांच्या शेंड्यांकडे बघतो. डोळ्यांचे डॉक्टरही सांगतात, दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघा.

---

सड्यावरची | २१ जून, रात्री ९:३५

काल ३बी गेलं, सगळ्या पार्ट्यांचं, आणि लाईट जायच्या आत.

या पाच दिवसांचा कागद समोर आहे. पूर्ण घटका २९, म्हणजे दिवसाला सहाच्या जवळपास. आडव्या रेघा ११, मनातल्या खुणा २६. बाद झालेल्या घटका चार. एकदा गाय दाव्यातून सुटली, एकदा मुलगा शाळेतून भिजून आला, आणि दोनदा मी स्वतःच फोन उघडला. सासूबाईंची "आत्ता ये" अशी हाक एकही नाही. आठचा हट्ट मी सोडला आहे, सहा धरते.

मोठ्या सुट्टीत आता मी भात लावते आणि किल्लीचा टायमर ओट्यावरच ठेवते. वाजला की भात झालेला असो वा नसो, पुढचं सासूबाई बघतात. हे त्यांनीच सुचवलं. टायमर माजघरातून दिसतो आणि वाजायच्या आधीच त्या हाक मारतात, "भरत आली गो तुझी घटका."

परवा दुपारी जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता मलाही एक घटका दे." पोथी घेऊन ओटीवर झोपाळ्यावर बसल्या आणि टायमर स्वतः पिळून शेजारी ठेवला. सासऱ्यांनी चहाला हाक मारली, तर आतून मी उत्तर दिलं. चहा मीच केला. काल आणि आजही त्यांनी घटका घेतली.

---

माहेरवाशीण | २१ जून, रात्री ९:५०

ताई, तो कागदाचा तक्ता कसा आखलात? फोटो टाकाल का?

---

सड्यावरची | २१ जून, रात्री १०:०२

फोटो चढत नाहीये, रेंज कमी आहे. साधा आहे. मुलाच्या वहीचं पान, डावीकडे कामाचं नाव आणि अंदाजाच्या घटका, मधे फुल्यांची जागा रुंद, उजवीकडे रेघा आणि खुणा. सगळ्यात खाली दोन ओळी मोकळ्या, मनात आलेलं लिहायला. पान आडवं धरा, उभ्यात फुल्या मावत नाहीत.